पुढचं दार सुटलं त्याची हकीकत

घराचं गहाण फिटल्यावर माणसानं पहिल्यांदा काय करावं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो, की जोतिबाला जाऊन यावं. नारळ न्यावा, गुलाल न्यावा, बायको येत असेल तर तिलाही न्यावं. फक्त गहाणखत नेऊ नये. हा सल्ला देणारा माणूस पेठेत मी एकटाच, कारण तो लागू पडेल असा गाढवपणा करणाराही मी एकटाच.

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. रस्त्याला लागून मोठा सोपा, म्हणजे पुढची बैठकीची जागा, त्यामागं माजघर, मग स्वैपाकघर, परसात न्हाणी आणि न्हाणीच्या मागं एक बोळ. बोळ एवढा अरुंद, की समोरून म्हैस आली तर आपण मागं फिरायचं. म्हैस फिरत नाही. आणि दहा-एक वर्षं आमच्या घरात जायचा-यायचा रस्ता म्हणजे हाच बोळ.

त्याचं कारण मोटार. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या होत्या. वडील संस्थानच्या नोकरीतून नुकतेच सुटलेले. घरी बसून करायचं काय, तर त्यांच्या डोक्यात आलं, की कोल्हापूर ते मलकापूर उतारूंची मोटार चालवावी. मोटारीतलं त्यांना एवढंच कळत होतं, की भोंगा कुठं असतो. आजऱ्याचा एक सावकार होता, तांदळाचा आणि काजूचा व्यापारी. त्याला कोल्हापुरात माल ठेवायला जागा हवी होती, वडिलांना पैसे हवे होते. वडिलांनी त्याच्याकडं सोपा गहाण टाकला. गहाण ताब्याचं. म्हणजे सावकारानं व्याज मागायचं नाही, त्याच्याऐवजी सोपा वापरायचा. मुद्दल फिटलं की सोपा मोकळा. संस्थानच्या स्टँपाच्या कागदावर हे सगळं लिहिलं गेलं, सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्या सोप्यात छतापर्यंत पोती लागली. पुढचं दार पोत्यांनी आतून बुजलं. सावकाराची माणसं बाजूच्या खिडकीवजा दारातून पोती काढायची-घालायची.

मोटार चालली. खरं सांगायचं तर ढकलली. तिचा आवडता मुक्काम मलकापूर. तिथं पोचली की ती हमखास बसायची. एकदा अशी बसली, की तिचा सुटा भाग मुंबईहून यायचा होता. तोवर वडिलांनी मलकापुरात एका ओळखीच्या घरी तळ ठोकला. तिथले पोहे चांगले होते, चहा चांगला होता, आणि पोहे-चहा आणून देणारी मुलगीही वडिलांना चांगली वाटली. सुटा भाग आला तोवर माझं लग्न ठरून गेलं होतं. मला पत्र आलं ते मोटार दुरुस्त झाल्याचं. लग्नाचं खाली ताजा कलम म्हणून लिहिलेलं.

लग्न मलकापुरात झालं, वरात कोल्हापूरला आली. दारात आल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आलं, की दारच नाही. म्हणजे दार होतं, पण त्याच्यामागं तांदूळ होता. मी वडिलांना म्हटलं, "एक दिवस पोती हलवा म्हणावं की सावकाराला." वडील फेट्यातून पेटले. "माझ्या घराचं दार उघडायला मी दुसऱ्याला विनवणी करू? मेलो तरी न्हाय!" मग वरात बोळात शिरली. बँडवाल्यांचा मोठा ढोल बोळाच्या तोंडाशी अडकला. तो आडवा-तिडवा करून काढेपर्यंत सनईवाला पुढं जाऊन आमच्या न्हाणीपाशी एकटाच वाजवत बसला. नवरी वाकून मागच्या दारातून आत आली, चुलीचं सरपण ओलांडून, न्हाणीच्या ओल्या फरशीवरून. तांदळानं भरलेलं मापटं ठेवायला उंबरा तरी सपाट हवा ना? मागच्या दाराची पायरी उतरती आणि शेवाळलेली. मापटं ठेवलं की घसरायचं. शेवटी कुणीतरी म्हणालं, "राहू दे ते, आत या लवकर, जेवणं खोळंबलीत."

तेवढ्यावर ते राहिलं ते राहिलंच. पुढं दर भांडणात माझी बायको तेच काढायची. "मी ह्या घरात अजून आलेलीच न्हाय!" आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, त्यामुळं तिचं वाक्य पुढं असं व्हायचं, "पुढचं दार सुटू दे, मग मी मापटं पाडून रीतसर येतो. तवर मी पावणीच."

पाहुणी म्हणून तिनं जे केलं ते घरच्या माणसांनीही केलं नसतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सरकारी एस्टी आली, खाजगी मोटारवाल्यांचे रस्ते गेले. आमची मोटार मोकळ्या जागेत उभी राहिली, तीत कोंबड्या राहू लागल्या, आणि शेवटी ती भंगारात वजनावर गेली. मोटार गेली, बायको आणि गहाण राहिलं. त्यातली बायको कायम ठेवून गहाण फेडायचं ठरलं. वडील ते बघायला राहिले नाहीत. मी शाळेत मास्तर, सकाळ-संध्याकाळ शिकवण्या करायचो. ती माजघरातल्या अर्धवट उजेडात शिवणाचं मशीन चालवायची. पेठेतल्या निम्म्या बायकांची पोलकी आमच्या बोळातून गेली. पुढं सोप्यात ऊन येतं, तिथं मशीन ठेवायचं, हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. मशीनची जागासुद्धा नक्की होती, खिडकीच्या डावीकडं.

आणि एक दिवस फिटलं. सावकार स्वतः आजऱ्याहून आला. थोराड, गुडघे धरलेले, आवाज मात्र रस्त्याच्या पलीकडं जाणारा. कोल्हापूरचा व्यापार बंद करून तो आता कायमचा गावीच बसणार होता. त्यानं गहाणखत काढलं, पालथं केलं, कानावरची जांभळी पेन्सिल जिभेला लावली आणि मागं लिहिलं: सगळे रुपये भरून पावलो, सोपा मोकळा केला. खाली सही. मग हमालांनी शेवटची पोती काढली, आणि सावकारानं माझ्या हातावर वीतभर लांबीची किल्ली ठेवली.

"घ्या मास्तर, तुमचं दार. आता हितनं हत्ती आणा."

तो गेल्यावर मी पुढचं दार उघडलं. कडाकड आवाज झाला, आढ्यावरून भुसा पडला आणि दहा वर्षांत पहिल्यांदा आमच्या माजघरातून रस्ता दिसला. मी बाहेर गेलो. आत आलो. परत बाहेर गेलो. दूधवाला बोळाकडं वळत होता, त्याला हाक मारून पुढून बोलावलं. शेजारची मुलं बघायला जमली, म्हणून आणखी दोनदा आत-बाहेर केलं. मग वळून बायकोला म्हटलं, "या की आता."

ती माजघराच्या चौकटीला टेकून उभी होती. पुढं आली नाही.

"तुम्ही करा आत-बाहेर. मी न्हाय."

"अगं, सुटलं की सगळं!"

"काय सुटलं? सरकारी उताऱ्यावर अजून सावकाराचं नाव हाय. ते पुसू दे. नाहीतर उद्या त्याचा ल्योक येऊन म्हणंल, बाई, जरा बोळातनं जावा. एकदा मी मापटं पाडून आलो की परत त्या बोळातनं येणार न्हाय. तवा सगळं पक्कं करा, मग सांगा."

समोरच्या माडीवर आमच्या गल्लीतले वकील राहायचे. त्यांनी हे सगळं वरून ऐकलं होतं. ते कठड्यावरून ओरडले, "वहिनी बरोबर बोलतायत, मास्तर! तुमचं अजून काही सुटलेलं नाही!" आणि तिथूनच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं, त्यांनी मला पुढची कामं सांगितली. आधी त्या पावतीची एक नक्कल करून घ्यायची आणि मूळ कागद ट्रंकेत ठेवायचा. मग सावकाराला घेऊन सबरजिस्ट्रारसमोर जायचं आणि गहाण फिटल्याचा लेख रजिस्टर करायचा, कारण मागं पेन्सिलीनं लिहिलेलं सरकारला पुरत नाही. तो लेख घेऊन सिटी सर्व्हेच्या कचेरीत अर्ज द्यायचा, म्हणजे उताऱ्यावरचं सावकाराचं नाव कमी होतं आणि कोरा उतारा मिळतो. शेवटी नगरपालिका, तिथं सोप्याची घरपट्टी सावकाराच्या नावे वापरणारा म्हणून निघत होती, तीही फिरवून घ्यायची.

"आणि हे होईपर्यंत," वकील म्हणाले, "त्या कागदाला वारासुद्धा लागू देऊ नका!"

मी खालून म्हटलं, "लागू देत नाही."

वारा नाही लागला. गुलाल लागला.

झालं असं, की वडिलांनी नवस बोलला होता. घर सुटलं की गहाणखत जोतिबाच्या पायाशी ठेवीन आणि गुलालात बुडवून आणीन. आमच्याकडं कुस्ती जिंकली तरी गुलाल, निवडणूक जिंकली तरी गुलाल. मग घर जिंकलं तर गुलाल नको? बायको म्हणाली, "नारळ न्या, पेढे न्या. कागद कशाला?" मी म्हटलं, नवस कागदाचा आहे. ती म्हणाली, "मग नक्कल न्या." मी म्हटलं, देवाला नक्कल दाखवू? एवढं बोलून मी स्वतःवरच खूष झालो. नक्कल मुळात मी केलेलीच नव्हती.

रविवारी मी डोंगर चढलो. घडी केलेलं गहाणखत फेट्यात खोचलेलं. वर गर्दी होती. गुरवाला मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "घर सोडवून आलोय." गुरवही तसलाच हौशी. तो ओरडला, "घर सोडवलंय मास्तरांनी! जोतिबाच्या नावानं चांगभलं!" आणि ओळखीची ना पाळखीची माणसं चांगभलं म्हणत माझ्यावर गुलाल टाकू लागली. गुरवानं कागद देवासमोर उलगडला, त्यावर दोन मुठी गुलाल घातला, मग नारळ फोडला आणि नारळाचं पाणी कागदावर शिंपडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेही थोडंफार कागदावर पडलं असणार. मग गुरवानं त्या ओल्या गुलालासकट कागदाची घडी घातली, मी ती परत फेट्यात खोचली आणि उन्हातून घाम गाळत, ओरडत, डोंगर उतरलो. त्या दिवसाइतका मी कधी राजासारखा चाललो नाही.

घरी येऊन कागद उलगडला. पुढची बाजू ठीक होती. संस्थानच्या लेखनिकाची काळी शाई, ती पाण्यात बुडवली तरी हलली नसती. गुलाबी झाली होती, पण वाचता येत होती. मागची बाजू उलटली. जांभळी पेन्सिल ओली झाली की पसरते, हे मी शाळेत मुलांना रोज सांगत होतो. मागं जांभळ्या-गुलाबी रंगाचा एक मोठा ढग होता. 'भरून पावलो' नव्हतं. सही नव्हती.

बायकोनं तो कागद पाटावर वाळत घातला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, आणि पुढच्या दाराला आतून कडी घातली. "मी बोळातनं जातो-येतो," ती म्हणाली. "मला सवय हाय."

त्या "सवय हाय"नं माझा सगळा गुलाल उतरला. मी कागद घेऊन वकिलांच्या माडीवर गेलो. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"मास्तर, ही पावती होती?"

"होती."

"आता सावकार म्हणाला, मला काही पोचलं नाही, तर?"

"पण त्यांनी किल्ली दिली की मला!"

"किल्ली काय, बोळात पडलेलीसुद्धा सापडते." ते उठून उभे राहिले. "उद्याच्या एस्टीनं आजऱ्याला जावा. सावकार थकलाय. त्याचं डोकं आणि पाय चालतायत तोवर त्याला इकडं आणा. आणि जाताना डोंगराकडं बघूसुद्धा नका."

मी शाळेतून रजा काढली आणि आजऱ्याच्या एस्टीत बसलो. जिनं आमची मोटार बुडवली तीच ही एस्टी, पण तिच्यावर राग धरायला ती वेळ नव्हती. रस्ताभर मी मनात बोलणी जुळवत होतो. आधी प्रकृती विचारायची, मग काजूचं पीक, मग हळूच कागद.

सावकार अंगणात खाटेवर बसला होता. बाया काजू फोडत होत्या, त्या भाजलेल्या टरफलांचा वास घशात बसत होता. मी नमस्कार केला आणि माझ्या हातातून कागद आपोआपच पुढं गेला. प्रकृती आणि पीक मनातच राहिलं.

सावकारानं कागद उलगडला. बोटं गुलाबी झाली. त्यानं बोटांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"ह्ये काय वो मास्तर? कागदाचं लगीन लावलासा काय?"

बाया खिदळल्या. मी जोतिबाची हकीकत सांगितली. सांगता सांगता माझं मलाच कळत होतं, की शहाण्या माणसाला सांगण्यासारखी ती नाही.

"म्हंजे माझी सही न्हायच म्हणा की आता."

"न्हाय."

"आणि मी आता म्हटलं, मास्तर, मला रुपाया पोचला न्हाय, तर तुम्ही काय करणार?"

मी खरं तेच बोललो. "काय करणार? परत फेडीन. पण बायकोला काय सांगू ते कळत न्हाय."

"बायकोचा काय संबंध?"

मग ते सगळं सांगावं लागलं. वरात, बोळ, ढोल, शेवाळलेली पायरी, न ठेवलेलं मापटं. दहा वर्षं ती पुढच्या दारानं आत आली नाही आणि उताऱ्यावरचं नाव निघेपर्यंत येणार नाही. सावकार ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा तांबडा झाला. मला वाटलं, आता हा हाकलतो.

"आरं, पर मला कुणी इच्चारलं?" तो एकदम ओरडला. "लगीन हाय, येक दीस पोती हलवा, असं कोण म्हटलं का मला? मी हितं आजऱ्याला बसल्यालो. मला काय सपान पडणार? येका निरोपात दार मोकळं केलं असतं की! हमालीबी माझीच दिली असती! तुमच्या बाऽनं बोळात ढोल अडकवून घेतला, सून न्हाणीतनं आणली, पर माझ्याम्होरं तोंड न्हाय उघडलं!"

"वडील म्हणाले, आपल्याच घराचं दार..."

"आणि तुम्ही? दहा वर्सं म्हयन्याच्या म्हयन्याला पैसं घेऊन येत हुतासा. तुम्ही तरी म्हणायचं हुतं. मला काय त्या दाराचं लोणचं घालायचं हुतं?"

आमच्या घराण्यात अभिमान एवढा होता, की तो ठेवायला सोपा कमी पडला असता. म्हणून तो आम्ही बोळात ठेवला.

सावकार खाटेवरून उठायला लागला. गुडघे धरून, कुंथत, दोघी बायांच्या आधारानं उठला. "चला. मी येतो कोल्हापूरला. भरून पावलो न्हवं? मग सांगायला काय जातंय? पर येक सांगतो मास्तर. मापटं माझं. तांदूळ माझा. घनसाळ. वाट माझ्या पोत्यांनी अडवली, तवा वाटबी माझाच तांदूळ करणार."

चार दिवसांनी तो खरोखरच आला. कचेरीत सबरजिस्ट्रारनं रीतीप्रमाणं विचारलं, "पैसे पावले का?" सावकारानं सांगितलं, "पावलो!" तो आवाज बाहेर उभ्या असलेल्या टांग्याच्या घोड्यापर्यंत गेला. सबरजिस्ट्रारनं मूळ गहाणखत हातात घेतलं, त्याचीही बोटं गुलाबी झाली. त्यानं ती कपाळावर घासली. कारकुनानं कागद घेतला, त्याच्या सदऱ्याला लागला. वकिलांनी घेतला, त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीला लागला. काम संपलं तेव्हा त्या कचेरीतली झाडून सगळी माणसं निवडणूक जिंकल्यासारखी दिसत होती. सावकारानं नव्या लेखावर शाईनं सही केली, अंगठाही उठवला. "सही पुसली तर अंगठा ऱ्हाईल," तो म्हणाला. वकिलांनी त्याच टेबलावर मला नकलेचा अर्ज लिहायला बसवलं आणि मी लिहून संपवेपर्यंत खुर्चीमागं उभे राहिले.

सिटी सर्व्हेच्या कचेरीत मात्र गुलाल चालला नाही. तिथं नोटीस लागायची, मुदत जायची, हरकत आली नाही तर नाव कमी व्हायचं. मी शाळा सुटली की तिकडं चक्कर मारायचो. कारकून म्हणायचा, "मास्तर, तुम्ही रोज आलात म्हणून मुदत लवकर संपत नाही." मी म्हणायचो, "मी आपला वाटेवरनं जात होतो." माझ्या घराची वाट तिकडून जात नाही हे त्याला माहीत होतं. तोवर नगरपालिकेचंही काम उरकलं, सोप्याची पट्टी माझ्या नावे निघाली. जन्मात पहिल्यांदा मी घरपट्टीचं बिल बघून हसलो. घरी पुढचं दार बंदच होतं आणि मीही आता बोळातूनच जात होतो. एकट्यानं पुढून जायला तोंड उरलं नव्हतं.

एके दिवशी कारकुनानं मी आत जायच्या आधीच उतारा वर धरून दाखवला. मी तो छातीशी धरून, कुठल्याही देवळापाशी न थांबता, सरळ घरी आलो. बायकोनं मशीन थांबवलं, हात पुसले, उतारा परसात उजेडात नेला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. सावकाराच्या नावावर आडवी रेघ होती. बाजूला 'गहाण फिटल्याने कमी' असं लिहून साहेबाची सही होती. तिनं ते दोनदा वाचलं. मग बोट शाईवर घासून बघितलं.

"पुसत न्हाय," ती म्हणाली. आणि हसली. लग्नात हसली होती तशी. म्हणजे बहुतेक तशीच, लग्नात मी ढोलाकडं बघत होतो.

ठरलेल्या दिवशी सावकार पुन्हा आला, सोबत पितळी पट्ट्यांचं लाकडी मापटं आणि घनसाळ तांदळाची पिशवी. सोपा सारवून, भिंती पांढऱ्या करून तयार होता. गल्लीतून हलगीवाला आपणहून आला. मी हळूच विचारलं, "थोडा गुलाल आणू का?" बायकोनं नुसतं बघितलं. गुलाल आणला नाही.

ती लग्नातलं लुगडं नेसली, मागच्या दारानं बाहेर पडली, बोळातून रस्त्यावर आली आणि वळसा घालून पुढच्या दारासमोर उभी राहिली. चाळिशीला आलेला मी, डोक्याला फेटा, तिच्याशेजारी. उंबऱ्यावर सावकारानं स्वतः वाकून मापटं भरून ठेवलं. वकिलांच्या बायकोनं दार अडवलं, "नाव घ्या, त्याशिवाय आत सोडत नाही." बायकोनं नाव घेतलं. त्यात मोटार आली, म्हैस आली, जोतिबाचा गुलाल आला आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून, मी आलो. गल्ली फुटली. वकील माडीवरून हसले. सावकार उंबऱ्याजवळ हसता हसता गुडघे धरून खाली बसला.

मग तिनं उजवा पाय उचलला. मापटं हळूच पाडायचं असतं, अशी पद्धत. तिनं दहा वर्षांचं देणं एका लाथेत दिलं. मापटं उडालं, सोप्यातून गरगरत थेट माजघराच्या भिंतीला जाऊन आपटलं, आणि तांदूळ अख्ख्या सोप्यात पसरला, जिथं जिथं पोती होती त्या कोपऱ्यापर्यंत. हलगी कडाडली. सावकार ओरडला, "आरं वा गं लेकी! आता आलीस बघ घरात!"

ती आत गेली, ती सोप्यातून, माजघरातून, स्वैपाकघरातून सरळ परसात. मला वाटलं, देवाला हळदकुंकू आणायला गेली. तेवढ्यात मला कुणीतरी सांगितलं, शेजाऱ्यांची जाजमं बोळातून परत द्यायची आहेत. मी ती खांद्यावर टाकून पाठीमागून गेलो, देऊन परत आलो, तर मागचं दार बंद. आतून कडी. मी वाजवलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, मटणाचा वास येत होता, उघडत कुणी नव्हतं. फेटा सांभाळत, म्हशीला वाट देत मी बोळातून वळसा घालून पुढं आलो.

पुढचं दार सताड उघडं होतं. खिडकीच्या डावीकडं मशीन येऊन बसलं होतं, त्याच्यावर ऊन पडलं होतं, आणि उंबऱ्यात, दोन्ही चौकटींना हात लावून, माझी बायको उभी होती. लुगड्याच्या काठाला तांदूळ चिकटलेले.

"पावणं," ती म्हणाली, "कुणाकडं आलासा?"

मी फेटा नीट केला आणि घसा साफ केला. मागं गल्ली ऐकत होती.

"घराच्या मालकिणीकडं," मी म्हटलं. "गहाण सुटलंय, तेवढं सांगायचं होतं."

"ते आम्हाला कळलंय," ती म्हणाली. "पाय झाडून आत या. तांदूळ तुडवू नका, त्याचाच भात टाकायचा हाय."